बुधवारचा आठवा तास

आमच्या विद्यालयाच्या ऑफिसात शिरलं की समोरच्या भिंतीवर चार फुटी तक्ता दिसतो, तो माझ्या हातचा आहे. पाचवी ते दहावी, बारा तुकड्या, रोजचे आठ तास. शिक्षकांची नावं लाल शाईत, विषय निळ्या शाईत आणि छंद तासिका हिरव्या. एकोणीस वर्षं वेळापत्रक मीच करतो. कुणाचा तास कुणावर आदळत नाही, खेळाच्या तासानंतर लगेच गणित येत नाही, काष्टीहून एसटीनं येणाऱ्या बाईंना पहिला तास पडत नाही. पाहुणे येतात, तक्त्यापुढं उभे राहतात आणि म्हणतात, साळवे सर, तक्ता करावा तर तुम्हीच. मला ते आवडायचं. उगाच खोटं कशाला बोलू.

त्या तक्त्यात बुधवारचा आठवा तास सगळ्या वर्गांना हिरवा आहे. चार वीस ते पाच. विज्ञान मंडळ, भित्तिपत्रक, गायन, बुद्धिबळ, परसबाग. वाचायला फार गोड वाटतं. प्रत्यक्षात बुधवारी चार वीसला गणिताचे सर खडू घेऊन वर्गावर हजर असतात. कारण दहावीचा निकाल संस्थेला दाखवायचा असतो, दहावीचा पाया नववीत, नववीचा आठवीत, असं करत करत ते पाचवीपर्यंत खणत आले आहेत. गणिताला नको असेल तेव्हा तो तास इंग्रजीला लागतो. दोघांनाही नको असेल तेव्हा मैदानातलं गवत उपटायला. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. मी एकोणीस वर्षं दाखवायचे दात रंगवत होतो.

मी विल्सन साळवे, विज्ञान शिकवतो. घर श्रीरामपूरला, बायको सारा तिथं दवाखान्यात नर्स आहे. मी काष्टीत खोली करून राहतो आणि शनिवारी दुपारी घरी जातो. हे सांगायचं कारण एवढंच की या गावात माझं शेत नाही, भावकी नाही, मतसुद्धा नाही. मला कुणाला भ्यायचं कारण नव्हतं. तरी भ्यालो.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये एक बुधवार कसा कोण जाणे मोकळा मिळाला. गणिताचे सर मेव्हण्याच्या लग्नाला गेले होते. मी विज्ञान मंडळाच्या पोरांना घेऊन पाऊस मोजायचं साधन करायला बसलो. प्लास्टिकची बाटली वरून कापायची, कापलेलं तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं आत बसवायचं, बाजूला मोजपट्टी चिकटवायची. ध्वजस्तंभाच्या पलीकडं मोकळ्या जागेत विटा रचून ते ठेवलं. प्रयोगशाळेतला एक थर्मामीटर व्हरांड्यात टांगला. एक जाड वही आखून दिली: तारीख, पाऊस, तापमान, शेरा, आणि दर आठवड्याला माझ्या सहीची चौकट. मग विचारलं, रोज सकाळी दहाला येऊन कोण लिहील? तेरा हात वर झाले.

"वहीत जे झालं तेच लिहायचं," मी म्हणालो. "शून्य असेल तर शून्य लिहायचं. काय व्हायला हवं होतं ते लिहायचं नाही." हे मी फार ऐटीत बोललो होतो, हातात खडू उडवत.

आठवड्याभरात तेरातला एकच हात उरला. ज्ञानेश्वरी, तेव्हा आठवीत. वडील राधाकृष्ण शुगर फॅक्टरीत हंगामी कामाला, घर शाळेपासून तीन किलोमीटर लांब वस्तीवर. ती सायकलवर यायची. रविवारी यायची, दिवाळीच्या सुट्टीत यायची, शाळेच्या फाटकाला कुलूप असलं तर कंपाउंडवरून उतरायची. आमच्याकडं पाऊस असा किती पडतो? महिना महिना शून्यच. ती शून्य लिहायची. एकदा मी गमतीनं म्हणालो, "अगं, महिन्याची शून्यं एकदम लिहून टाकलीस तरी चालेल."

"न्हाई सर," ती म्हणाली. "बघितल्याबिगर कसं म्हनायचं शून्य हाय म्हनून?"

गेल्या सप्टेंबरात एका रात्रीत अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर झाला. ओढ्यावरून पाणी होतं. ही पोरगी लांबच्या बांधानं चालत आली, वही खताच्या पिशवीत गुंडाळून. तरी पानं भिजलीच. शाई पसरली, आकडा मात्र वाचता येत होता. त्या वहीत चार पेनांची अक्षरं होती, मधले काही दिवस शिसपेन्सिलीचे होते, जुलैच्या एका पानावर चिखलाचा अंगठा उमटला होता. शेऱ्याचा रकाना मी ढगाळ, धुकं असलं लिहायला दिला होता. तिनं त्यात शाळेचं सगळंच लिहायला घेतलं. 'वारा पश्चिमेचा. छंद तास झाला नाही, गणित झालं.' 'ढग आले, गेले. छंद तास झाला नाही, गवत उपटलं.' मी वाचायचो, हसायचो आणि चौकटीत सही करायचो. प्रत्येक आठवड्याला माझी सही होती.

डिसेंबरात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ती वही पहिली आली. आता सत्तावीस जानेवारीला नगरला जिल्हा प्रदर्शन होतं. तिथं पहिल्या येणाऱ्या मुलाला पुण्यात आठ दिवसांचं शिबिर, हवामानाची खरी यंत्रं बघायला, हाताळायला. ज्ञानेश्वरीनं कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी तिनं विचारलं, "सर, पहिली आले तर पप्पांना तुमी सांगताल का, पुन्याला जाऊ द्या म्हनून? माझं ते ऐकायचे न्हाईत." मी म्हणालो, सांगेन. मनात म्हणालो, पहिली येणारच आहे.

त्याच महिन्यात मूल्यांकन समिती यायची होती. बावीस जानेवारी, गुरुवार. समिती शाळेला अ, ब, क अशी श्रेणी देते आणि त्यासाठी वर्षभराच्या उपक्रमांचे फोटो लागतात, तारखेसकट. आमच्याकडं उपक्रम तक्त्यावर होते. फोटो कुठून आणायचे? त्यावर संगणकाच्या हर्षल सरांनी तोड काढली. मोबाईलची तारीख मागं घ्यायची, फोटो काढायचा, तारीख पुन्हा पुढं आणायची. फोटोच्या कोपऱ्यात जुलै म्हणजे जुलैच उमटतो.

दहा जानेवारीला, दप्तराविना शनिवारी, आम्ही सकाळी साडेसात ते अकरा या वेळात अख्खं वर्ष उरकलं. घरून आणायला सांगितलेले रेनकोट घालून मुलांनी जुलैतलं वृक्षारोपण केलं. कडुनिंबाचं रोप एकच होतं. ते तीन खड्ड्यांत तीन वर्गांनी लावलं आणि शेवटी कानिफमामांनी, म्हणजे आमच्या शिपायांनी, उपटून परत पिशवीत ठेवलं. मग रेनकोट काढून ऑगस्टचं भित्तिपत्रक, ऑक्टोबरचा वाचन कट्टा, स्वेटर घालून डिसेंबरची क्षेत्रभेट. क्षेत्रभेट शाळेच्या मागच्या बांधावर झाली. आपल्याला आज सुट्टीच आहे अशा आनंदात मुलं होती. खरं सांगायचं तर एवढे उपक्रम एका दिवसात आमच्या शाळेत कधी झाले नव्हते. तारखांची यादी माझ्या हातात होती. कुठला वर्ग, किती वाजता, कुठला महिना, हे वेळापत्रक मीच केलं होतं, आणि तेही कुठं आदळलं नाही.

सोमवारी, बारा तारखेला, मुख्याध्यापकांनी ज्ञानेश्वरीची वही मागवून घेतली. समितीच्या टेबलावर अगदी पुढं ठेवायची म्हणून. तालुक्यात पहिली आलेली वही, शाळेचं नाक. आमचे मुख्याध्यापक गोरक्षनाथ नलगे याच मातीतले. शेताच्या बांधावर बोलावं तसं ऑफिसात बोलतात. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं आणि वही पुढं सरकवली.

"साळवे सर, शेवटचं पान वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. "दहा जानेवारी, शनिवार. पाऊस शून्य. आकाश निरभ्र. आज रेनकोट घालून जुलैचं झाड लावलं. एकच झाड तीनदा लावलं. नंतर स्वेटर घालून डिसेंबरची क्षेत्रभेट केली. थंडी नव्हती."

"खाली सही कुनाची?"

"माझी." शनिवारी एसटी गाठायच्या घाईत मी न वाचता केली होती. पण वाचून केलेल्या सह्या मागं ढीगभर होत्याच.

"मी आज सगळी वही चाळली," नलगे सर म्हणाले. "साठ बुधवार झालेत. छंद तास झाला असं सात ठिकानी हाय. आन फाईलीत आपन साठ दाखवलेत." ते चिडलेले नव्हते. थकलेले दिसत होते. "संस्थेचा निरोप आलाय. अ श्रेणी न्हाई आली तर पुढल्या वर्षी पाचवीच्या दोन तुकड्या बंद. तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त. शेवटी लागलेलं कोन हाय? प्रार्थना मॅडम. लेकरू सहा महिन्याचं हाय त्यांचं. कुटं पाठवायचं त्यांना, गडचिरोलीला?"

मी वही मिटून टेबलावर ठेवली.

"मी आकडे बदला म्हनत न्हाई. पाऊस तिचा तिला लखलाभ. फक्त शेरे नकोत. तिला नवी वही द्या, फेअर करून घ्या. बुधवारी छंद तास झाला, एवढं एक वाक्य टाका. जुनी माझ्याकडं."

मला ते पटलं. पटलं म्हणजे मी पटवून घेतलं. आकडे तर तेच राहणार होते. उलट अक्षर सुंदर येईल, नगरला छाप पडेल. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं स्वतःला सांगितलं. मनाला समजवायला फार काही लागत नाही, एक वाक्य पुरतं.

ज्ञानेश्वरीला मी प्रयोगशाळेत बोलावून नवी वही आणि निळं पेन दिलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पन सर, छंद तास झाले न्हाईत ना."

"ते तेवढं महत्त्वाचं नाही. आपला विषय पाऊस आहे."

"तुमीच म्हनला हुता, जे झालं तेच लिहायचं."

"म्हणालो होतो," मी म्हणालो. "शाळेचा प्रश्न आहे, ज्ञानेश्वरी. नगरला हीच वही न्यायची आहे. नीट लिही."

तिनं नवी वही उघडली आणि पट्टीनं रकाने आखायला घेतले. वाद घातला असता तर बरं झालं असतं. सात दिवस ती प्रयोगशाळेत बसून लिहीत होती, बाकीचे तास बुडवून. दीड वर्षाचे दिवस एकाखाली एक, एका पेनानं, एका अक्षरात. शेवटचं पान तिनं एकवीस तारखेला पुरं केलं, बुधवारी, आठव्या तासाला. त्या दिवशी गणिताच्या सरांनीसुद्धा तिला वर्गात बोलावलं नाही. माझ्या तक्त्याप्रमाणं पार पडलेल्या मोजक्या तासांपैकी तो एक.

जुनी वही मीच नलगे सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी संडासांच्या मागं धूर दिसला. दरवर्षी जुन्या उत्तरपत्रिका तिथंच जाळतात. मी कानिफमामांना विचारलं, वहीपण त्यात टाकली का?

"सरांनी सांगितलं, सर. पुट्टा जाड हुता. लवकर पेटंना," मामा म्हणाले आणि काठीनं राख हलवत राहिले.

समिती साडेअकराला आली. तिघंजण होते. शाल, नारळ, स्वागतगीत. माझ्या तक्त्यापुढं उभे राहून म्हणाले, वा. फोटोंची फाईल उलटली, रेनकोटाच्या फोटोवर एकजण म्हणाला, मुलं फार उत्साही दिसतात. ज्ञानेश्वरीची वही टेबलावर सगळ्यांत पुढं होती, लाल फीत बांधून. त्यांनी कव्हरवरचं नाव वाचलं, उत्तम म्हणाले आणि जेवायला गेले. फीत कुणी सोडली नाही. आतलं एक अक्षर कुणी वाचलं नाही. वही जुनी असती, आत काहीही लिहिलेलं असतं, तरी चाललं असतं. हे मला अजून गिळता येत नाही.

सत्तावीस तारखेला मी आणि ज्ञानेश्वरी पहिल्या एसटीनं नगरला गेलो. तिनं बाटलीचं ते साधन मांडीवर धरलं होतं. परीक्षक म्हणून एक निवृत्त प्राध्यापक बाई होत्या. पांढरे केस, सुती साडी, आवाज मऊ. त्यांनी वही उघडली आणि बराच वेळ वाचली. आत्तापर्यंतच्या सगळ्या प्रकारात ती वही खरोखर वाचणाऱ्या त्या पहिल्याच होत्या, मी आणि नलगे सर सोडले तर.

"मूळ वही कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

ज्ञानेश्वरीनं माझ्याकडं पाहिलं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? ही नक्कल आहे म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मूळ का जाळली. त्याच्या पुढचा, शेऱ्यात काय होतं. तिथून सगळं उसवत गेलं असतं, रेनकोटापर्यंत. एका मुलीचं दीड वर्ष एका बाजूला होतं आणि दुसऱ्या बाजूला आमची अख्खी फाईल.

"हीच मूळ वही," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा काढला. "सर, मी तीस वर्षं प्रयोगवह्या तपासल्या आहेत. दीड वर्ष एकच पेन, एकसारखं अक्षर. एक डाग नाही, एक खाडाखोड नाही. पावसाळ्यातलं एकही पान ओलं झालेलं नाही. हे पाच-सात दिवसांत बसून लिहिलेलं आहे." मग त्या तिच्याकडं वळल्या. "सप्टेंबरात एका दिवशी अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर? तुमच्या भागात?"

"पडला हुता मॅडम. ओढ्याला पानी हुतं. मी बांधानं गेल्ते." तिनं आधीचे चार दिवस आणि नंतरचे चार दिवसही घडाघडा सांगितले. तिला सगळे पाठ होते. बाईंना वाटलं, पाठ करून घेतलेत.

"बाळा," त्या म्हणाल्या, अगदी मायेनं म्हणाल्या, "आकडे बसवायचे नसतात. शून्य असेल तर शून्य लिहायचं. जे झालं तेच लिहायचं."

ज्ञानेश्वरी मान खाली घालून हो म्हणाली. माझ्याकडं तिनं बोट केलं नाही, शाळेचं नाव काढलं नाही. चौदा वर्षांच्या पोरीनं तिथं मला झाकलं, आणि मी झाकून घेतलं.

परतीच्या एसटीत श्रीगोंदा आलं. मग मी म्हणालो, "माझं चुकलं, ज्ञानेश्वरी. मी खोटं बोललो."

"असू द्या सर," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "जुनी असती तरी तुमाला दाखवता आली नसती. मामांनी सांगितलं मला, कुटं गेली ती."

शनिवारी साराला हे सगळं सांगितलं. ती ताट वाढता वाढता थांबली. "त्या बाईंना पत्र लिहा," म्हणाली. "खरं काय ते लिहा. उशीर झालेला नाही." मी लिहीन म्हणालो. फेब्रुवारीत श्रेणीचं पत्र आलं: अ. दोन्ही तुकड्या वाचल्या, प्रार्थना मॅडमनी सगळ्यांना पेढे वाटले. मीही एक घेतला. बाईंना पत्र लिहायचं राहिलं ते राहिलंच.

यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा माझ्या तक्त्याच्या शेजारी अ श्रेणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लागलं होतं. नलगे सरांनी पहिल्याच दिवशी सूचना काढली: श्रेणी टिकवायची आहे, सर्व उपक्रमांच्या वह्या चालू ठेवाव्यात. पावसाची वही ज्ञानेश्वरीकडंच. ती आता दहावीत होती. मला आत कुठंतरी बरं वाटलं. म्हटलं, पोरगी पुन्हा सायकलवर येईल, बाटली बघेल, काहीतरी परत जागेवर येईल.

पहिला बुधवार सतरा तारखेला होता. आठव्या तासाला वर्गावर्गात गणित चालू होतं. मी ऑफिसात नलगे सरांसमोर बसून तक्त्यातली एक दुरुस्ती करत होतो. ज्ञानेश्वरी दारात आली आणि तिनं वही माझ्यापुढं ठेवली. मी उघडली.

पंधरा जूनपासून सुरुवात होती. सोळा, सतरा, अठरा. मी पान उलटलं. जुलै. ऑगस्ट. सप्टेंबरात पाऊस जोराचा होता, ऑक्टोबरात परतीचा थोडा. नोव्हेंबर, डिसेंबर, शून्य, शून्य, शून्य. एकतीस मार्चपर्यंत वही भरलेली होती. प्रत्येक बुधवारी शेरा होता: 'छंद तास झाला. सर्वांनी आनंद घेतला.'

"हे काय?" मी विचारलं. "पाऊस अजून पडायचाय."

"व्हय सर. पन समिती जानेवारीत येती ना. मग परत घाई हुती." ती शांतपणे बोलत होती, गृहपाठ दाखवावा तशी. "ह्या बारीला चार पेनं वापरलीत. मधी थोडी पेन्सिल बी हाय. जुलैची पानं पान्यात भिजवून उनात वाळवलीत. दोन जागी खाडाखोड केली. आता कुनी खोटी म्हनायचं न्हाई."

मी जुलैचं पान बोटांनी चाचपलं. वाळून कडक झालेलं, कडेला सुरकुतलेलं होतं. खाली कोपऱ्यात चिखलाचा अंगठा होता, पहिल्या वहीत होता तसाच.

दर आठवड्याच्या खाली तिनं पट्टीनं चौकट आखली होती. बेचाळीस चौकटी, बेचाळीसही मोकळ्या.

"सर, सगळ्या सह्या आत्ताच करता का?" ती म्हणाली. "मंजी दर आठवड्याला तुमाला तरास नको."

नलगे सर समोरच्या खुर्चीतून बघत होते. मी पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या चौकटीत सही केली. ज्ञानेश्वरीनं शाई वाळायला पानावर हलकीशी फुंकर घातली आणि दुसरी चौकट पुढं सरकवली.